अब्बांच्या खोलीतला स्पीकर

आम्ही दोघंही शिक्षक. एकाची शाळा शहापुरात, एकाची मुरबाडला. विषय उर्दू आणि मराठी. वायरी, पिना आणि स्पीकर यांच्याशी आमचा संबंध शाळेच्या स्नेहसंमेलनापुरता. त्यामुळे या विषयावर मासिकात काही लिहू, असं कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या ईदला आमच्या घरात जे झालं, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख. लेखणी एकाची आहे, चूक मात्र दोघांची.

आमच्या शहापूरच्या घरात एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचे दोन मोठे स्पीकर आहेत. पुष्कळ घरांत असतात तसेच आम्हीही ते लावले होते. एक बाहेरच्या खोलीत आणि एक आतल्या खोलीत, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जावं. आतल्या खोलीत अब्बांचा पलंग. २०१६ साली अम्मीचा इंतकाल झाला, तेव्हापासून अब्बा मुरबाड तालुक्यातलं गावचं घर सोडून आमच्याकडे राहतात. लहानपणी त्यांचा डावा कान वाहायचा. तेव्हा गावात कोण डॉक्टर? तो कान गेला तो गेलाच. उजव्या कानावर त्यांनी भातशेती केली, चार मुलांची लग्नं केली आणि रात्री उशाशी रेडिओ ठेवून कव्वाल्या ऐकल्या. तो रेडिओ बिघडला तेव्हा आम्ही त्यांच्या उशाशी हा मोठा स्पीकर आणून ठेवला. आपण फार चांगलं केलं, असं आम्हाला वाटलं.

आता एका कॅसेटविषयी सांगायला हवं. १९९१ साली आपाचं लग्न गावच्या घरी झालं. मामू तेव्हा सौदीहून सुट्टीवर आले होते आणि त्यांनी येताना एक मोठा टू-इन-वन आणला होता. त्याला दोन माइक जोडता यायचे. मामूंनी एक माइक बायकांच्या खोलीत खुंटीला टांगला आणि दुसरा मांडवात बांबूला बांधला. मेंदीच्या रात्री आमच्याकडच्या बायका ढोलकावर लग्नाची गाणी म्हणायच्या. ज्यांना दोन-दोन तास न थांबता गाणी येत, अशांत अम्मीचं नाव होतं. ती कॅसेट आपाबरोबर तिच्या सासरी गेली आणि कुठल्या तरी पेटीत पडून राहिली. अम्मी गेल्यावर दोन वर्षांनी घर बदलताना ती सापडली. आम्ही कल्याणला जाऊन ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. अम्मीचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

घरी आल्यावर ती लावली. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. अम्मीचा आवाज आला आणि आपा रडू लागली. थोड्या वेळानं आत जाऊन अब्बांना विचारलं, "ऐकलं का?" अब्बा म्हणाले, "ऐकलं. देगांचा आवाज आहे." एवढंच बोलून त्यांनी कूस बदलली.

आम्ही काय समजलो? बायकोचा आवाज त्यांना सोसत नाही, म्हणून ते विषय टाळतायत. दु:ख ज्याचं त्यालाच ठाऊक. पुढच्या ईदला पुन्हा लावलं, तेव्हाही ते तसंच काहीतरी पुटपुटले. मग आम्ही दोघांनी ठरवलं की अब्बा घरात असताना ती कॅसेट लावायची नाही. मुलांनाही बजावलं. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला जपतोय, असंच आम्हाला वाटत होतं.

यंदा आमच्या मुलानं सबवूफर आणला. तो डिप्लोमाला आहे. एका मित्राकडून जुना विकत घेतला, साठवलेल्या ईदीच्या पैशांतून. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर: ढोलकाची थाप, डफाचा घुमारा, पावसाळ्यातल्या ढगांचा गडगडाट. असा एकच स्पीकर घरात पुरतो. कारण मुलानं आम्हाला समजावून सांगितलं. आवाज कुठून आला, हे आपण दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. आपल्या दोन कानांत अंतर जेमतेम वीतभर. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट मात्र जवळपास सात मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेत वीतभर अंतरानं फारसा फरक पडत नाही. म्हणून ८० हर्ट्झच्या खालचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, ते कानाला नीट कळत नाही. तबकड्यांच्या काळातही खर्ज शक्यतो डावी-उजवी एक करूनच कोरत, नाहीतर सुई खाचेतून उडायची.

अडचण एकच होती. आमच्या प्लेअरला मागे दोन छिद्रं, पांढरं डावं आणि लाल उजवं. सबवूफरला एकच. डावं जोडलं तर उजव्या बाजूचा खर्ज गेला, उजवं जोडलं तर डाव्या बाजूचा. दोन्हींची बेरीज करून एकच आवाज त्याला द्यायला हवा. मुलानं बाजारातून इंग्रजी वाय अक्षरासारखी वायर आणली, दोन तोंडांची एका तोंडात जाणारी. प्लेअरच्या दोन्ही पिना फाटे काढून अ‍ॅम्प्लिफायरलाही लावल्या आणि या वायरीतून एकत्र करून सबवूफरलाही. ईदची नमाज झाली होती, शीरखुर्मा खाऊन झाला होता, आपा आणि तिची मुलं आली होती. मुलानं बटण दाबलं.

त्या पेन ड्राइव्हवर सगळ्यात आधी तीच कॅसेट होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आम्ही "बंद कर, बंद कर" म्हणेपर्यंत ढोलकाची थाप पायाखालच्या फरशीत उतरली होती आणि अम्मीनं गाणं सुरू केलं होतं.

आतून अब्बा आले. चौकट धरून उभे राहिले. म्हणाले, "ही कोण गातेय?"

कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनीच ओळखलं. "ही तर तुमची अम्मी. आज कुठून आणलीत?"

आपा म्हणाली, "अब्बा, तीच कॅसेट आहे. माझ्या लग्नाची."

"त्या कॅसेटमध्ये नाही ती. त्यात देगा आहेत. भांडी आहेत. गोश्त कमी पडणार म्हणून तुमचा मामू भांडतोय. मी दोनदा ऐकली."

ते परत आत गेले, पलंगावर बसले आणि उशाजवळच्या स्पीकरला उजवा कान लावून पूर्ण पाऊण तास ऐकत राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं, त्यानं आम्हाला झोप लागली नाही. पहिल्यांदा कॅसेट लावली तेव्हा बाहेर आपा रडत होती, सगळे "काय आवाज होता अम्मीचा" म्हणत होते आणि त्यांना मात्र भांड्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं, उरलेला कानही गेला. आम्हाला सांगितलं तर आम्ही डॉक्टरांकडे न्यायचो, खर्चात पडायचो, म्हणून गप्प बसले. आम्ही त्यांना जपत होतो आणि ते आम्हाला. या जपण्यात कितीतरी वर्षं गेली.

पण झालं काय होतं, ते त्या दिवशी कुणालाच उमगलं नव्हतं. त्यातच मोठा आवाज केला की खरखर यायला लागली. मुलगा म्हणाला, मुरबाडच्या काकांना विचारू.

मुरबाडच्या बाजारपेठेत एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे काका आहेत. म्हसाच्या जत्रेतले भोंगे, गावोगावच्या भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, आमच्या शाळेचा माइक, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत आमच्यापैकी एकाला रोज मुरबाडला जावंच लागतं. त्या दिवशी मुलगाही आला, प्लेअर आणि ती वायर पिशवीत घेऊन.

काकांनी वायर पाहिली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "मास्तर लोकांच्या भाषेत सांगतो. हे छिद्र बोलणारं आणि सबवूफरचं छिद्र ऐकणारं. एक जण बोलतोय आणि दहा जण ऐकतायत, याला काही हरकत नाही. वर्गात तेच चालतं. म्हणून एका वायरीला दोन फाटे फोडलेत तर चालतं. पण तुम्ही दोन बोलणाऱ्यांची तोंडं एकमेकांना बांधलीत. दोघं एकच बोलत असतील तोवर ठीक. एक वेगळं बोलला की दुसरा त्याला दाबणार. जो तो आपलं व्होल्टेज टिकवायला बघणार. मशीन बिचारं स्वत:शीच झोंबी खेळतंय. म्हणून ही खरखर. जास्त दिवस चालवलंत तर एखादं आउटपुट जाईलही."

"मग एकत्र करायचं कसं?"

काकांनी खणातून दोन रेझिस्टन्स काढले. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, अंगावर पिवळा, जांभळा आणि लाल पट्टा. म्हणजे ४.७ किलो-ओहम. दोन्ही मिळून चहापेक्षाही स्वस्त. डाव्या वायरीच्या वाटेत एक, उजव्या वायरीच्या वाटेत एक. दोघांची पलीकडची टोकं एकत्र, आणि तिथून सबवूफरला वायर. जमिनीची, म्हणजे अर्थची, तार सगळ्यांची एकच. आता डावा आवाज उजव्यात शिरू पाहील तर त्याला दोन रेझिस्टन्स ओलांडावे लागतील. त्यात त्याचा जोर संपतो. सबवूफर मात्र दोघांची बेरीज निवांत ऐकतो. आवाज किंचित उतरतो, तो सबवूफरच्या बटणावर भरून काढायचा. आमच्याकडे खजुराची एक रिकामी प्लास्टिकची डबी होती. काकांनी सांगितल्याप्रमाणे मुलानं सोल्डर मारून दोन्ही दाणे त्या डबीत बसवले.

(ज्यांच्या सबवूफरला लाल आणि पांढरी अशी दोन्ही छिद्रं आहेत, त्यांना सहसा यातलं काही लागत नाही. तिथं ही बेरीज आतच केलेली असते.)

घरी येऊन जोडलं. खरखर गेली. खर्ज स्वच्छ आला. मुलगा खूश. तेवढ्यात अब्बांनी आतून विचारलं, "आज अम्मी नाही का लावलीत?"

लावली होती. बाहेर ती गात होती.

मग आम्ही दोघं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, अब्बांच्या पलंगावर जाऊन बसलो आणि त्यांच्या उशाशी कान नेऊन ऐकलं. देगा. झाऱ्याचा खणखणाट. कुणीतरी पाण्याचं पिंप सरकवतंय. मामू भांडतायत. खूप लांब, भिंतीपलीकडे असावी तशी, ढोलकाची चाहूल. अम्मी कुठेच नाही. अब्बांनी आम्हाला शब्दश: खरं सांगितलं होतं, आणि ते खरं पडताळायला आम्हाला तीन पावलं चालून आत यायचं होतं.

आता सगळं जुळलं. मामूंचा बायकांच्या खोलीतला माइक डाव्या बाजूला नोंदला गेला होता आणि मांडवातला उजव्या. आमचा डावा स्पीकर बाहेर, उजवा अब्बांच्या खोलीत. त्यांना फक्त मांडव ऐकू यायचा. ईदच्या दिवशी मुलानं दोन्ही वायरी चुकीच्या पद्धतीनं बांधल्या, डावं-उजवं एक झालं, आणि म्हणून दोन्ही खोल्यांत सगळं पोचलं. चूक दुरुस्त केली, डावं डावीकडे गेलं आणि अब्बांची अम्मी पुन्हा गेली. मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. तो म्हणाला, "मी बरोबर जोडलं आणि दादाअब्बांचं गाणं गेलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा काकांकडे. सगळी हकीकत ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग आम्हालाच रागावले. "स्टिरिओचे दोन स्पीकर दोन खोल्यांत? अहो, एका पुस्तकाची पानं फाडून सम या खोलीत आणि विषम त्या खोलीत ठेवाल का?"

स्टिरिओचा मूळ हेतूच तो. अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सांगतात, की बायकोबरोबर सिनेमा पाहताना त्याला खटकलं की नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसरीकडून. माणूस जिथं आहे तिथूनच आवाज यावा, म्हणून त्यानं दोन वाटा केल्या. पण त्या दोन्ही वाटा एकाच माणसाच्या दोन कानांपर्यंत पोचल्या पाहिजेत, हे त्यात गृहीत आहे. ज्याला एकच कान आहे किंवा ज्याच्या वाट्याला एकच स्पीकर आला, त्याचं काय?

अशा माणसाचा विचार कुणी केलाच नाही असंही नाही. १९६१ साली अमेरिकेत एफएम रेडिओची स्टिरिओ पद्धत ठरली, तेव्हा लोकांच्या घरी एका स्पीकरचे जुने रेडिओ होतेच. म्हणून डावं आणि उजवं सुटं न पाठवता, आधी दोघांची बेरीज पाठवायची आणि त्यांतला फरक वेगळा पाठवायचा, असं ठरलं. नवा रेडिओ बेरीज आणि फरक यांवरून दोन्ही बाजू वेगळ्या करतो. जुना फक्त बेरीज ऐकतो, पण त्याचं गाणं पूर्ण असतं. अब्बांचा उशाशी ठेवायचा रेडिओ एकाच स्पीकरचा होता, म्हणून त्यावर त्यांना कधी काही कमी पडलं नाही. तो गेला आणि आम्ही त्याहून महागडी वस्तू आणून त्यांना अर्धं ऐकवू लागलो. "त्या रेडिओसारखं नाही हे" असं ते म्हणायचे. जुन्या माणसांना जुनंच आवडतं, असं म्हणून आम्ही हसायचो.

उपाय काकांनीच सुचवला आणि तो त्याच खजुराच्या डबीत होता. डबीतून बेरीज होऊन जी वायर बाहेर येते, तिला पुढे फाटा फोडायचा. बोलणारा आता एकच आहे, ऐकणारे दोन झाले तरी चालतं. एक फाटा सबवूफरला, दुसरा अब्बांच्या खोलीत. तिथं मोठ्या स्पीकरऐवजी, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला एक छोटा स्पीकर ठेवला. दोन्ही मोठे स्पीकर बाहेरच्या खोलीत शेजारी-शेजारी आले. इतक्या वर्षांनी आम्हालाही कळलं की आमच्या कव्वाल्यांत टाळ्या एकीकडून आणि हार्मोनियम दुसरीकडून येते. अब्बांच्या स्पीकरला आवाजाचं बटण त्याच्याच अंगावर आहे. किती मोठं, किती हळू, हे आता ते ठरवतात. यापूर्वी ते आम्ही बाहेर बसून ठरवत होतो.

सबवूफरमुळे आणखी एक गोष्ट शिकलो. आमची आणि शेजारच्या काकूंची भिंत एकच. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवडाभरानं काकू शिरा घेऊन आल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, "तुमचं गाणं काही ऐकू येत नाही हो, पण आमच्या मांडणीवरची ताटं वाजतात." उंच सूर भिंतीत अडतात, खर्ज पलीकडे जातो. गाणं आमचं, थरथर त्यांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण शेजाऱ्याच्या हकाला डेसिबल मोजायची गरज नसते. सबवूफर त्या भिंतीपासून काढून समोरच्या कोपऱ्यात, जाड रबरावर ठेवला, बटण निम्म्यावर आणलं. मगरिबनंतर तो बंद. काकूंना जाऊन विचारून आलो, ताटं आता गप्प आहेत.

एक सोपी गोष्ट वाचकांना सांगून थांबतो. आपल्या घरात एका कानानं ऐकणारं कुणी असेल, किंवा कामाच्या नादात एकाच कानात इअरफोन घालून बयान, नात किंवा गाणी ऐकणारं असेल, तर त्यांच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात जा. तिथं 'मोनो ऑडिओ' असं एक बटण बहुतेक फोनमध्ये असतं. ते सुरू केलं की डावं-उजवं एक होऊन दोन्ही बाजूंना पूर्ण आवाज येतो. अब्बांच्या फोनमध्ये आम्ही ते केलं. पहिल्याच रात्री ते म्हणाले, "या कव्वालीत सारंगी पण आहे होय?"

आणि ज्यांना सेटिंग, रेझिस्टन्स यांतलं काही जमणार नाही, त्यांनी एवढं करावं. घरातलं म्हातारं माणूस "मला नीट ऐकू येत नाही" किंवा "यात ते नाहीच" म्हणालं, तर त्याच्या वयाला, कानाला किंवा दु:खाला कारण ठरवण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन एकदा बसावं. आम्हाला ते सुचायला इतकी वर्षं आणि एक चुकीची वायर लागली.

आता जुम्म्याच्या दुपारी जेवण झालं की अब्बा आतून हाक मारतात, "बेटा, लाव." मामू भांडतात, देगा वाजतात आणि त्या गलक्यातून अम्मीचा आवाज येतो. मुलगा म्हणाला होता, मांडवाची बाजू कमी करून देतो, अम्मीचा आवाज मोकळा होईल. अब्बा नको म्हणाले. "राहू दे. लग्नात असाच गोंगाट होता. त्यातूनच ऐकायचो मी तिला."